वाड्याची दिंडी आणि घरचा संगणक

पुण्याच्या शनिवारवाड्याच्या मुख्य दरवाजाचे नाव दिल्ली दरवाजा. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली ज्या वाड्याचा पाया घातला त्या वाड्याचे हे महाद्वार उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेला, तोंड करून उभे आहे. त्याच्या भक्कम फळ्या आणि हत्तीची धडक बसू नये म्हणून त्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे पाहून प्रेक्षक दबून जातो. पण त्याच फळीत असलेल्या, माणसाने वाकून आत शिरावे अशा, लहानशा दिंडीकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक वाड्याची रोजची ये-जा व्हायची ती दिंडीतून. दिंडीतून एका वेळी एकच मनुष्य आत येऊ शकतो, आणि येणारा कोण आहे हे पहारेकऱ्याला नीट पाहता येते. महाद्वार सताड उघडे टाकून वाड्यात कोणी संसार करीत नसे.

आज मात्र घरोघर असा एक वाडा उभा आहे की, ज्याचे महाद्वार दिवसरात्र सताड उघडे असते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. हा वाडा म्हणजे घरचा संगणक.

दिल्लीत द्वारकेच्या एखाद्या सहकारी गृहसंस्थेत राहणारे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजोबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून म्हणून दाखल झाले. आरंभी करोलबागेत एका खोलीचे बिऱ्हाड, मग रामकृष्णपुरमचे सरकारी घर आणि निवृत्तीच्या सुमारास स्वतःची ही जागा, असा त्यांचा प्रवास. मुलगा गुरुग्रामला एका कंपनीत, सून शाळेत शिक्षिका, नात महाविद्यालयात आणि नातू दहा वर्षांचा. घरात एक संगणक. तो नेहरू प्लेसच्या बाजारातून आणला तेव्हा दुकानदाराने सगळे ठीकठाक करून दिले होते. बटण दाबले की यंत्र सुरू. नाव विचारणे नाही, पासवर्ड नाही. त्या वेळी यात मोठी सोय वाटली.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी आली आणि या एका यंत्रावर सारे घर येऊन बसले. सकाळी नातवाची शाळा, मग सुनेचे वर्ग, दुपारी मुलाचे कार्यालय, संध्याकाळी आजोबांची बँक आणि निवृत्तिवेतनाचे कागद, रात्री सर्वांचा चित्रपट. आजोबांनी याच यंत्रावर आणखी एक काम हाती घेतले होते. जुन्या वह्या, पत्रे आणि नातेवाइकांच्या आठवणी यांवरून ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त टंकलिखित करीत होते. दोन वर्षांची ती मेहनत. एके दिवशी नातवाला एक नवा खेळ यंत्रात भरायचा होता, आणि जागा अपुरी पडत होती. त्याने पडद्यावरचे ‘जुने’ दिसणारे काही कागद काढून टाकले, आणि कचऱ्याची टोपलीही नेटकेपणाने रिकामी केली. त्यात कुलवृत्तान्ताची तीन प्रकरणे गेली. ज्या थोरल्या आत्याबाईंकडून त्यांतली हकीगत कळली होती, त्या मधल्या काळात निवर्तल्या होत्या.

नातवाला कोणी रागावले नाही, कारण अपराध त्याचा नव्हता. सर्वांचे सामान एकाच खोलीत, एकाच फळीवर आणि सर्वांच्या हाताशी ठेवले होते. नातीने सुचवले, “आजोबा, प्रत्येकाचे वेगळे खाते करू आणि प्रत्येकाला पासवर्ड ठेवू.” आजोबांना ते लागले. “अगं, घरच्या घरात कुलपे? आपण एकमेकांपासून काय लपवायचे?” असे ते म्हणाले. हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. संगणकाच्या प्रवेशाची व्यवस्था लावण्याची गोष्ट निघाली की पुष्कळ घरांत पहिली हरकत हीच येते, आणि ती तांत्रिक नसून नात्यातली असते. म्हणून तिचे उत्तरही नात्यातूनच दिले पाहिजे.

एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरात काय होते हे आठवून पाहावे. चूल एक, देवघर एक, ओसरी एक. परंतु प्रत्येक सुनेची माहेराहून आलेली पेटी वेगळी होती आणि तिची किल्ली तिच्या पदराला बांधलेली असे. आजोबांचे फडताळ वेगळे, आजीचा डबा वेगळा. थोरल्या जाऊबाई धाकटीची पेटी उघडीत नसत, आणि पेटीला कुलूप आहे म्हणून रुसतही नसत. ते कुलूप अविश्वासाचे नव्हते. इतक्या माणसांच्या घरात प्रत्येकाला वीतभर तरी स्वतःची जागा असावी, एवढाच त्याचा अर्थ होता. संगणकावरील वेगळे खाते म्हणजे अशी पेटी होय.

आणि योगायोग असा की, संगणकाच्या पासवर्डाचा जन्मही याच गरजेतून झाला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एक मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी योजना सिद्ध केली. यंत्र एक, वापरणारे अनेक, आणि प्रत्येकाचे कागद त्यात साठवलेले. तेव्हा एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत, आणि ज्याला यंत्राचा जितका वेळ दिला आहे तितकाच त्याने वापरावा, म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. पासवर्ड हा प्रथम दरोडेखोरांसाठी योजलेला उपाय नव्हता; एका छपराखाली राहणाऱ्या सज्जनांची ती सोय होती.

अर्थात सज्जनांनाही मोह होतोच. १९६२ साली त्याच संस्थेतील ॲलन शेर या संशोधकाला आपल्या वाट्याचे यंत्राचे तास पुरेनात. तेव्हा त्याने सर्वांचे गुप्त शब्द ज्या यादीत होते ती यादीच छापून मागितली, आणि यंत्राने ती बिनतक्रार छापून दिली. याची कबुली त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी दिली. पुढे काही वर्षांनी तर याहून मौजेचा प्रकार घडला. आत प्रवेश करताना प्रत्येकाला दिवसाची सूचना दिसत असे. एके दिवशी दोन कागदांची अदलाबदल होऊन त्या सूचनेच्या जागी साऱ्यांच्या पासवर्डांची यादी झळकली! तात्पर्य एवढेच की, गुप्त शब्द ठरवणे सोपे असते. खरी पंचाईत तो ठेवायचा कसा आणि कोठे, ही असते.

आता दिंडीकडे वळू. संगणकातील खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक प्रशासकाचे आणि दुसरे साध्या वापरकर्त्याचे. प्रशासकाला यंत्रात काहीही करता येते: नवी प्रणाली भरणे, जुनी काढणे, इतरांची खाती निर्माण करणे वा मोडणे, आणि इतरांच्या कागदांत हात घालणेही. साध्या वापरकर्त्याला आपले लिहावे-वाचावे, पत्रे पाठवावी, चित्रे पाहावी, एवढी मोकळीक असते. वाड्याच्या भिंतीला मात्र त्याला हात लावता येत नाही. प्रशासकाचे खाते हे महाद्वार, आणि साधे खाते ही दिंडी.

घरगुती संगणकांच्या पहिल्या काळात हा भेद जवळजवळ नव्हताच. १९९५ सालच्या विंडोजमध्ये प्रवेशाच्या वेळी पासवर्डाची चौकट दिसे, परंतु ती रद्द करण्याची कळ दाबली तरी मनुष्य आत जाऊ शके. ती चौकट म्हणजे भिंत नसलेल्या अंगणातले फाटक होते. २००१ च्या आवृत्तीने घरातील प्रत्येकाला वेगळे चित्र आणि वेगळे नाव दिले. परंतु यंत्र प्रथम मांडताना जी खाती केली जात ती सारीच प्रशासकाची, आणि बहुधा पासवर्डावाचून. २००७ मध्ये घरोघर आलेल्या आवृत्तीपासून मात्र, एखादी प्रणाली यंत्राच्या गाभ्याला हात घालू लागली की पडदा थबकून विचारू लागला, ‘याला परवानगी आहे काय?’ लोक त्रासले. पण तो प्रश्न म्हणजे दिंडीवरच्या शिपायाची हाक आहे. वापरकर्ता प्रशासक असेल तर नुसते ‘होय’ म्हटले की काम भागते, आणि घाईत सर्वजण ‘होय’च म्हणतात. तो साधा वापरकर्ता असेल तर प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो, आणि मग दहा वर्षांच्या मुलाला निदान वडिलांना हाक मारावी लागते. त्या हाकेच्या अवधीत पुष्कळ अनर्थ टळतात.

म्हणून द्वारकेच्या त्या घरात नातीने व्यवस्था लावली ती अशी. प्रथम तिने एक नवे खाते केवळ प्रशासनासाठी निर्माण केले आणि त्याला मजबूत पासवर्ड दिला. त्या खात्यातून एकदा आत जाऊन ते चालते याची खात्री करून घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवी किल्ली कुलपाला लागते हे पाहिल्याशिवाय जुनी टाकू नये. नंतर घरातील चौघांना चार नवी साधी खाती दिली. मूळ खाते आजोबांकडेच ठेवले, कारण त्यांचे सारे कागद आणि आजीची छायाचित्रे त्यातच होती, आणि नवे खाते हे नव्या पेटीसारखे रिकामे असते. शेवटी त्या मूळ खात्याचा प्रशासकाचा अधिकार काढून तेही साधे केले. आजोबांनी किंचित हसून विचारले, “म्हणजे आम्ही आता साधे झालो?” पण त्या घरात संगणकात पारंगत असलेला मुलगादेखील रोजच्या कामाला साधेच खाते वापरू लागला. पेशवेही रोज महाद्वार उघडून बाहेर पडत नसतील.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. साधे खाते यंत्राचे रक्षण करते. त्या खात्यातील कागदांचे सर्वस्वी रक्षण करीत नाही. एखादी फसवी प्रणाली आजोबांनीच स्वतः उघडली, तर त्यांच्या पेटीतील वस्तू ती नासवू शकते. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ती यंत्रापासून अलग ठेवणे. मोठ्या संस्थांनाही हा धडा महागात पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर लिहाव्या लागल्या.

आता परवलीच्या शब्दाविषयी. परवल हा पहाऱ्यावरचा शब्द आहे. रात्री छावणीत शिरणाऱ्याने तो बरोबर उच्चारला तर आपला, नाहीतर परका. अशा शब्दाचा सारा गुण तो परक्याला सुचू नये यात आहे. परंतु आपल्या घरांत तो बहुधा कुलदैवताचे नाव, नातवाचे लाडके नाव किंवा जन्माचे साल यांपैकी एक असतो. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोघा तज्ज्ञांनी ३२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी २८३१, म्हणजे शेकडा ८६, एक तर अगदी आखूड होते किंवा शब्दकोशात नाहीतर नावांच्या यादीत सापडणारे होते. मनुष्यस्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही. चोराच्या यंत्राचा वेग मात्र कैक पटींनी वाढला आहे.

त्याच दोघांनी पासवर्ड साठवण्याची एक युक्तीही वर्णिली. यंत्राने मूळ शब्द जपूनच ठेवू नये. तो जात्यात घालून दळावा आणि केवळ पीठ ठेवावे. पुढे कोणी शब्द सांगितला की तोही दळून पाहावा. पीठ जुळले तर मनुष्य खरा. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, म्हणून पीठ चोरीला गेले तरी दाणे वाचतात. शिवाय प्रत्येकाच्या दाण्यांत निराळी चिमूट घालावी, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ सारखे दिसणार नाही. तंत्रज्ञ त्या चिमटीला मीठच म्हणतात. परंतु दाणे सर्वांच्या ओळखीचे असले तर चोर सगळ्याच ओळखीच्या दाण्यांचे पीठ करून ताडून पाहतो, आणि मग जातेही वाचवीत नाही.

यासाठी शब्द लांब असावा. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे २०,८८२ कोटींहून अधिक मेळ होतात. ही संख्या मोठी वाटते, पण आजच्या वेगवान यंत्रांपुढे ती फार नाही. दोन हजार सामान्य शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द काढले तर मेळ होतात १६ लाख कोटी; आणि पाचवा शब्द जोडला की त्याच्याही दोन हजार पट. आजोबांनी परसातले झाड, एक भांडे, एक गाव आणि एक पक्षी अशा, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांची माळ रोमन लिपीत लिहून घेतली आणि तीन दिवसांत ती त्यांना पाठ झाली. पाढे आणि स्तोत्रे पाठ केलेल्या पिढीला हे कठीण नाही.

ठरावीक काळाने पासवर्ड बदलावा, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह असावे, ही कार्यालयातील शिस्त पुष्कळांनी घरीही आणली आहे. तिचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ साली काढलेल्या एका मार्गदर्शिकेत आहे. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच साली त्या संस्थेने आपले धोरण बदलले. वारंवार बदलण्याची सक्ती केली की मनुष्य शेवटचा अंक तेवढा एकाने वाढवतो. शब्द लांब असावा, इतरत्र कोठेही वापरलेला नसावा, आणि फुटल्याचा संशय आला तरच बदलावा, हे आताचे मत आहे.

मग चार-सहा अंकांचा पिन कसा चालतो, असा प्रश्न सहज येतो. सहा अंकांचे मेळ फक्त दहा लाख. पण पिन त्या एका यंत्रापुरता असतो; तो दूरच्या चोराच्या उपयोगी पडत नाही. शिवाय काही चुका झाल्या की यंत्र पुढचे प्रयत्न रोखते. बँकेच्या कार्डाला चार अंक पुरतात ते याचमुळे. तेव्हा रोजच्या प्रवेशाला पिन किंवा बोटाचा ठसा, आणि त्यामागे लांब पासवर्ड, ही जोडी घराला योग्य आहे. त्याचबरोबर, माणूस उठून गेल्यावर पाच मिनिटांत पडदा आपोआप बंद व्हावा अशी योजना करावी, आणि उठताना विंडोजची कळ व एल ही अक्षरकळ एकदम दाबण्याची सवय लावावी. चपला घालताना दाराची कडी पाहतो, तितकी ती सहज होते.

पासवर्ड असला की सारे सुरक्षित झाले, हाही एक भ्रम आहे. प्रवेशाचा पासवर्ड दरवाजा राखतो, भिंत राखीत नाही. यंत्र उघडून आतील तबकडी काढली आणि दुसऱ्या यंत्राला जोडली की दरवाजाचा प्रश्नच उरत नाही. दुरुस्तीसाठी यंत्र बाजारात देताना हे ध्यानात ठेवावे. यासाठी तबकडीवरील सर्व मजकूर सांकेतिक करण्याची सोय अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत असते, आणि काहींत ती वापरणाऱ्याच्या नकळत चालूही झालेली असते. तिच्यासाठी ४८ अंकांची एक पुनःप्राप्तीची किल्ली दिलेली असते. ती हरवली आणि यंत्राने ती मागितली, तर मजकूर परक्याला मिळत नाहीच. पण मालकालाही मिळत नाही.

कायदाही या बाबतीत मुका नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६-क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण अशा वेळी मिनिटामिनिटाला महत्त्व असते. पण कायदा येतो तो चोरीनंतर. कडी घालायची ती आधी.

एक गोष्ट उरते, आणि घरातील वडीलधारी माणसे तिच्याविषयी बोलायचे टाळतात. कुलूप उत्तम आहे, परवल कोणाला माहीत नाही, आणि परवल जाणणारा माणूसच गेला, तर? घरातील बँकेची माहिती, विम्याचे कागद, चाळीस वर्षांची छायाचित्रे, सारे त्या एका विस्मृतीत बंद होऊन बसते. पूर्वी पेटीचे कुलूप फोडता येत असे; हे फुटत नाही. चोरापासून राखलेले धन वारसांनाही मिळू नये, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

द्वारकेच्या आजोबांनी यावर जो मार्ग काढला तो जुन्याच वळणाचा आहे. एका कागदावर त्यांनी स्वच्छ अक्षरात प्रशासकाच्या खात्याचे नाव, त्याचा पासवर्ड, आपल्या खात्याचे चार शब्द आणि ते ४८ अंक लिहिले. खाली तारीख घातली. तो कागद लखोट्यात बंद करून, लखोट्यावर सही करून, त्यांनी तो विम्याच्या कागदांबरोबर पोथ्यांच्या पेटीत ठेवला आणि मुलाला व सुनेला जागा दाखवली. पासवर्ड बदलला की कागद बदलायचा, असा नियम केला. जो कागद पडद्याच्या कडेला चिकटवल्याने घातक ठरतो, तोच पेटीत ठेवल्याने घराचा आधार होतो.

कुलवृत्तान्ताचे काम पुन्हा सुरू झाले आहे. गेलेल्या तीन प्रकरणांपैकी जेवढे आठवले तेवढे आजोबांनी पुन्हा लिहिले. आत्याबाईंच्या तोंडचे काही मात्र गेले ते गेलेच. दर रविवारी नात त्याची एक प्रत वेगळ्या तबकडीवर काढते. नातवाचे आपले वेगळे खाते आहे, त्यात त्याचे खेळ आहेत, आणि त्याचा पिन त्याने कोणालाही सांगितलेला नाही. आजोबा त्याला तो विचारीतही नाहीत.